गळा, पेटी, तबला: छोट्या संचासाठी भरवशाचं सामान कोणतं

संगीताच्या सामानात भरवसा दोन गोष्टींवरून ठरतो. आज घेतलेला नग दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या नगासारखाच वाजतो का, आणि त्यातला एक भाग गेला तर तेवढाच भाग बाजारात मिळतो का. आवाज किती गोड, हा प्रश्न त्यानंतरचा. भजनी मंडळ किंवा सुगम संगीताचा संच वर्षभर वेगवेगळ्या जागी बसतो. सभागृह बदलतं, स्पीकर बदलतात, साउंडवाला बदलतो. अशा वेळी निदान गळ्यापासून मिक्सरपर्यंतची साखळी ओळखीची असली, की अर्धं काम सोपं होतं. खालचं परीक्षण त्या साखळीचं आहे.

सुरुवात माईकपासून. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ सालचा माईक आजही त्याच आराखड्यावर बनतो. वजन २९८ ग्रॅम, आवाजाचा पट्टा ५० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. कागदावरचे हे आकडे आजच्या मानाने साधेच आहेत. तरीही तो टिकून राहिला, त्यामागे ठोस कारणं आहेत. आवाज पकडणारी कॅप्सूल हवेच्या गादीवर बसवलेली असल्यामुळे हातात धरून गाताना दांड्याची खरखर कमी येते. ५ किलोहर्ट्झच्या आसपास दिलेल्या उठावामुळे शब्द गर्दीतून वर येतात. आणि जाळी, आतला फोम, कॅप्सूल हे सगळं सुटं मिळतं. जाळीचा क्रमांक आरके १४३जी, कॅप्सूलचा आर ५९. माईक पडून जाळी चेपली, तर नवी जाळी फिरवून बसवायला मिनिटही लागत नाही. कॅप्सूल बदलायची तर दोन तारा सोडवायच्या आणि नव्या कॅप्सूलला डाग (सोल्डर) द्यायचा. तेवढ्यात जुना माईक पुन्हा कामाला लागतो.

जाळीतल्या फोमकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. अनेक गळ्यांची थुंकी आणि धूळ साचून तो कडक होतो, की वरचे स्वर बोथट येऊ लागतात आणि दोष मिक्सरला दिला जातो. जाळी दांड्यापासून वेगळी करा, फोमसकट कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. कॅप्सूलला पाणी लागता कामा नये.

फीडबॅकच्या, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या शिट्टीच्या, बहुतेक तक्रारींचं मूळ माईकमध्ये नसतंच. गायक जाळी मुठीत धरतो, मागच्या बाजूची हवेची वाट बंद होते, आणि एकाच दिशेचा आवाज घेणारा माईक चहूकडून आवाज घेऊ लागतो. शिट्टी तिथून सुरू होते. हात दांड्यावर, जाळीच्या खालीच असला पाहिजे. एसएम ५८ सर्वांत बहिरा असतो तो बरोबर पाठीमागे. म्हणून मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) गायकाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत ठेवावा.

बैठकीच्या गाण्यात मात्र या माईकची मर्यादा दिसते, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. ओठ जाळीपासून ५ सें.मी.वर असताना जो आवाज मिळतो, तो २० सें.मी.वर साधारण १२ डीबीने (डेसिबलने) पडतो. ख्याल गाणारा गायक मान हलवतो, मागे झुकतो, तान घेताना वळतो. साउंडवाला गेन (मिक्सरवर माईकचा आवाज वाढवण्याची पातळी) वाढवत जातो आणि तेवढीच शिट्टीची भीती वाढते. इथे सेन्हायझरचा ई ८३५ किंवा त्याचा थोरला भाऊ ई ९३५ जास्त सोयीचा. ई ८३५ आवाजाच्या दर पास्कल दाबाला २.७ मिलिव्होल्ट देतो, तर एसएम ५८ १.८५. म्हणजे साधारण ३ डीबी गेन वाचतो. स्वस्त मिक्सरचा प्रीअँप (माईकचा आवाज वाढवणारा भाग) वरच्या टोकाला सळसळू लागतो, तिथे हा फरक कानाला लगेच कळतो. ई ९३५ वरच्या पट्टीत जास्त मोकळा आहे. स्त्री-आवाजाला तो चांगला शोभतो. स, श जरा टोचतात अशा गळ्याला मात्र एसएम ५८च बरा.

शुअरचा बीटा ५८ए घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तो सुपरकार्डिऑइड आहे. त्याची बहिरी जागा पाठीमागे नसून दोन्ही बाजूंना साधारण १२० अंशांवर असते. मॉनिटर समोर सरळ ठेवला, तर एसएम ५८पेक्षा लवकर शिट्टी मारेल. दोन मॉनिटर तिरके ठेवता येत असतील तरच तो घ्यावा.

तबल्यासाठी शुअरचाच एसएम ५७ घ्यावा. उजव्याच्या वर १० ते १५ सें.मी., वादकाच्या समोरच्या बाजूने तिरका, तोंड चाटीच्या वर नको, चाट आणि शाई यांच्या मधल्या मैदानाकडे हवं. चाटीवर रोखला तर ‘ना’ टणटणतो आणि बाकीचे बोल मागे पडतात. डग्ग्याला दुसरा माईक लावला तर तो जरा दूर ठेवा, कारण जवळ आणला की खर्ज आपोआप फुगतो. मग २०० ते २५० हर्ट्झचा घुमारा कापायची वेळ येते. पेटीला एक माईक पुरतो: २५ ते ३० सें.मी. वरून, पाठ भात्याकडे करून. भात्याची हवा आणि पट्ट्यांचा खटखटाट अशाने कमी येतो. दोन माईकांमधलं अंतर हे माईक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असू द्या. नाहीतर एकाच वाद्याचा आवाज दोन माईकांत थोड्या फरकाने शिरतो आणि पोकळ वाटतो.

आता केबल. माईकवर दहा हजार घालणारे लोक केबलवर दीडशे रुपये घालतात, आणि ऐन कार्यक्रमात जी खरखर येते ती बहुतेक वेळा तिथलीच असते. कनेक्टर न्यूट्रिकचेच घ्या. ही लिश्टेनस्टाइनची कंपनी १९७५पासून कनेक्टर बनवते. एनसी३एमएक्सएक्स हा नर आणि एनसी३एफएक्सएक्स ही मादी. त्यात केबल पकडायला स्क्रू नाही. दातेरी पकड केबलला चहूबाजूंनी आवळते, त्यामुळे ओढ डागावर येत नाही. साध्या कनेक्टरचा स्क्रू ढिला होतो, ओढ डागावर येते आणि तार तुटते. बजेट आखूड असेल तर रीन हा न्यूट्रिकचाच स्वस्त ब्रँड आहे. अनोळखी कनेक्टरपेक्षा तो केव्हाही बरा. तारेसाठी जपानच्या कानारे कंपनीची एल-४ई६एस. हिच्या आत चार तारा पिळलेल्या असतात, दोन निळ्या आणि दोन पांढऱ्या. लायटिंगच्या डिमरचा गुणगुणाट ही रचना साध्या दोन तारांच्या केबलपेक्षा बराच मारते. मंडपात माईकची केबल आणि दिव्यांची वायर शेजारून जाते तिथे हा गुण कामाला येतो. गिटारसाठी मात्र ही तार वापरू नये. हिची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) जास्त असल्याने गिटारच्या पिकअपचे वरचे स्वर मरतात.

केबल घरी बनवायला अवघड नाही. कनेक्टरचं मागचं टोपण आधी तारेत ओवून घ्या. हे विसरलं की सगळे डाग उसवावे लागतात. वरचं आवरण साधारण २ सें.मी. सोला, आतल्या तारांभोवतीच्या जाळीची तार पिळून एक करा. दोन निळ्या एकत्र, दोन पांढऱ्या एकत्र पिळा आणि प्रत्येकीला आधी कथील लावून घ्या. जाळी १ नंबरच्या पिनला, निळ्या २ला, पांढऱ्या ३ला. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम. २ आणि ३ची अदलाबदल झाली तर केबल एकटी वाजवताना काहीच कळत नाही. पण त्याच वाद्यावर दुसरा माईक आला की खर्ज गायब होतो. डाग देताना नर कनेक्टर एखाद्या मादीत खोचून ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक तापलं तरी पिना वाकड्या होत नाहीत. डाग देण्याची इस्त्री ३५० अंशांच्या आसपास, प्रत्येक डाग दोन-तीन सेकंदांत. डाग चकचकीत आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. मळकट, दाणेदार दिसला तर तो पुढे सुटणार. १ नंबरची पिन कनेक्टरच्या धातूच्या अंगाला जोडू नका. स्टेजवर ते अंग दुसऱ्या धातूला टेकलं की हम येतो. शेवटी मल्टिमीटरवर तिन्ही पिना तपासा, तेही केबल दोन्ही टोकांना हलवत. आणि गुंडाळताना कोपरावर आवळू नका. आतली जाळी तिथेच मोडते.

स्टँडवर फार बोलायला नको. जर्मनीच्या के अँड एमचा २१०/९ हा तिपायी बूम स्टँड महाग वाटतो, पण त्याचे सुटे भाग मिळतात आणि बूम माईकच्या वजनाने खाली झुकत नाही. स्टँडचे आटे ३/८ इंची असतात, माईकच्या क्लिपचे बहुधा ५/८. मधली पितळी चकती हरवली की क्लिप डुगडुगते, म्हणून सामानाच्या खोक्यात चार चकत्या जास्तीच्या टाकून ठेवा.

मिक्सरमध्ये यामाहाच्या एमजी मालिकेवर लहान संच निर्धास्त विसंबू शकतात, पण मॉडेल नीट निवडायला हवं. एमजी१०एक्सयू स्वस्त आणि हलका म्हणून बरेच जण तोच उचलतात. त्यात माईक चारच लागतात. मुख्य गायक, साथीचा गायक, पेटी आणि तबला झाले की डग्ग्याला जागा नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यात एकच ऑक्स (आवाज वेगळा काढून बाहेर देण्याची वाट) आहे, आणि तोच इफेक्टसाठीही आहे. गायकाला मॉनिटरमध्ये त्याचा आवाज वेगळा द्यायचा आणि बाहेर हलका रिव्हर्ब (गुंजन) द्यायचा, हे दोन्ही एका वेळी नीट जमत नाही. एमजी१२एक्सयूमध्ये सहा माईक, दोन ऑक्स, गोल बटणांऐवजी सरकवायचे फेडर, आणि वीजपुरवठा आतच. बाहेरचा अडॅप्टर घरी विसरण्याचा प्रश्न मिटतो. किमतीतला फरक पहिल्याच मोसमात वसूल होतो. दोन्हींत ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कापणारं कट-बटण आहे. गळ्याला आणि पेटीला ते दाबलेलंच ठेवा, डग्ग्याला सोडा. मराठी गाण्यात प, फ, ब, भ यांचे फटके माईकवर बसतात, ते या बटणाने बरेच निवतात. एक उणीव मात्र खरी आहे. मधल्या पट्टीचा ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करणारं बटण) २.५ किलोहर्ट्झवर खिळलेला आहे. बंद सभागृहात ३००-४०० हर्ट्झला शिट्टी आली, तर या मिक्सरवर तिला कापायला हत्यार नाही. ग्राफिक ईक्यू (अनेक पट्ट्या वेगवेगळ्या कापणारं यंत्र) वेगळा जोडावा लागतो.

४८ व्होल्टचा फँटम (मिक्सर केबलमधून माईकला देतो तो वीजपुरवठा) चालू राहिला तर एसएम ५८ जळतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. केबल बॅलन्स्ड (आवाज दोन तारांतून नेणारी) आणि धड असेल तर त्याला काहीही होत नाही.

देवळात आणि मंडळाच्या मंडपात बहुतेक वेळा आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. दिल्लीची ही कंपनी १९४०पासून आहे आणि तिचं सामान दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावीही सापडतो. हाय-फाय नाद तिच्याकडून अपेक्षू नये. आरती, कीर्तन, सूचना यांसाठी ती योग्य आहे. चूक होते ती जोडणीत. मागे ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट अशी टोकं असतात. १६ ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की ८ ओहम होतात, चार जोडले की ४. तेच टोक वापरायचं. ८ ओहमचा साधा बॉक्स १०० व्होल्टच्या टोकाला लावला तर अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दोघांनाही धोका. शिवाय जुन्या मॉडेलांचा माईक-इनपुट मोठ्या जॅकचा आणि अनबॅलन्स्ड असतो. २० मीटरची केबल तिथे थेट लावली की हम ठरलेला. मिक्सर स्टेजजवळ ठेवून त्याचा आउटपुट अ‍ॅम्प्लिफायरच्या लाइन किंवा ऑक्समध्ये द्यावा.

खरेदी करताना एसएम ५८च्या नकली नगांपासून फार सावध राहायला हवं, कारण बाजारात त्यांचा सुळसुळाट आहे आणि खोकं, पाउच, कागदपत्रं सगळं हुबेहूब असतं. भाव निम्म्यावर आला की तिथेच थांबा. अधिकृत विक्रेत्याचं जीएसटी बिल मागा. दुकानातच माईक वजनकाट्यावर ठेवा. २९८ ग्रॅमच्या बराच खाली आला तर आत ट्रान्सफॉर्मर नसण्याची शक्यता मोठी. मग तो मिक्सरला लावून १० सें.मी.वरून समोरून बोला आणि त्याच अंतरावरून पाठीमागून बोला. खऱ्या माईकचा आवाज मागून स्पष्टपणे पडतो, बऱ्याच नकली नगांचा जवळपास तेवढाच राहतो. दांड्यावर बोटाने टिचकी मारा. खऱ्यात मऊ धप् येईल, नकलीत कडक टक्. दुकानदार माईक लावून दाखवायला तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.