व्हेंडर निवडायला एएचपी: काही महिने वापरल्यावर

चाकणला एका टिअर-वन कंपनीत, म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांना थेट पार्ट देणाऱ्या कंपनीत, मी सोर्सिंग बघतो. कास्टिंग (ओतीव पार्ट) बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडच्या फाउंड्र्यांतून येतं. पूर्वी कोटेशन्स आली की एल-वन, म्हणजे सर्वात कमी दरवाला, कोण ते बघायचं, क्वालिटीवाल्यांनी नाक मुरडलं तर एल-टूला फोन लावायचा. आता निवड एएचपीने (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) करतो. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पद्धत. सगळे निकष एकदम न तोलता दोन-दोन समोरासमोर ठेवायचे आणि एक दुसऱ्यापेक्षा किती पट महत्त्वाचा याला १ ते ९ मध्ये आकडा द्यायचा. त्यावरून प्रत्येक निकषाचं वजन निघतं. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेलचं जिओमीन (भूमितीय सरासरीचं फंक्शन) पुरतं.

खरी मजा मीटिंगमध्ये येते. परचेस, क्वालिटी, प्रॉडक्शन एका टेबलाला. क्वालिटी किमतीपेक्षा ३, किंमत डिलिव्हरीपेक्षा २ असं ठरलं. या हिशेबाने क्वालिटी डिलिव्हरीपेक्षा ६ यायला हवी. पण लाइन थांबली की शिव्या कोण खातं हे प्रॉडक्शनवाल्यांना पक्कं माहीत, त्यांनी २ च्या वर जाऊ दिलं नाही. या तिघांपुरता कन्सिस्टन्सी रेशो, म्हणजे आकडे एकमेकांशी किती विसंगत आहेत त्याचं माप, काढला तर ०.१२ येतो, मर्यादा ०.१०. म्हणजे पुन्हा बसा. एरवी हे भांडण माल रिजेक्ट झाल्यावर, डेबिट नोट काढताना व्हायचं. आता कोटेशन उघडायच्या आधी होतं. माझ्या मते पद्धतीचे पैसे इथेच वसूल होतात, शेवटच्या स्कोअरमध्ये नाही.

निकष मात्र आवरते ठेवा. पाच निकषांना १० जोड्या, आठांना २८. विसाव्या जोडीनंतर लोक चहाकडे बघत आकडे सांगतात.

दुखणीही आहेत. मोठं दुखणं म्हणजे शेवटी सगळ्याची बेरीज होते, त्यामुळे स्वस्त दर खराब पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट सदोष) झाकून टाकतो. ब्लो होलवाली (आत हवेची पोकळी राहिलेली) कास्टिंग मशिनिंगच्या शेवटच्या ऑपरेशनला उघडी पडते, तोवर आपला टूल आणि वेळ दोन्ही गेलेले. म्हणून आम्ही आधी चाळणी लावतो: सर्टिफिकेट, क्षमता, मागचं रिजेक्शन. यात नापास तो मॅट्रिक्समध्ये (तुलनेच्या तक्त्यात) येतच नाही, दर कितीही गोड असो. टॉप्सिस ही निवडीची दुसरी पद्धतही करून पाहिली. आकडेमोड सुटसुटीत, पण एका निकषाची उणीव दुसऱ्याने भरून निघण्याचा घोळ तिथेही आहेच आणि वजनं बाहेरूनच आणावी लागतात.

दुसरं, रँक रिव्हर्सल. तिसऱ्या-चौथ्या नंबरची फाउंड्री यादीतून काढली तर कधी वरच्या दोघांचाच क्रम बदलतो. एमडींना हे समजावणं अवघड! म्हणून पहिल्या दोघांत थोडाच फरक असेल तर आम्ही किमतीचं वजन थोडं वर-खाली करून बघतो. क्रम हलला तर दोघांना बरोबरीत धरून धंदा वाटून देतो. पॅटर्नचा (ओतकामाच्या नमुन्याचा) खर्च दुप्पट होतो, हे खरं. ज्या पार्टचं व्हॉल्यूम कमी त्याला हे परवडत नाही, तिथे शॉप फ्लोअर बघून आलेल्या माणसाचं मत चालतं.

ऑडिटला फायदा झाला. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकामध्ये ८.४.१.२ कलमाखाली पुरवठादार निवडीत जोखीम, क्वालिटी-डिलिव्हरीचा इतिहास आणि अनेक विभागांनी मिळून घेतलेला निर्णय मागतात. पूर्वी त्यासाठी आदल्या रात्री फायली रंगवाव्या लागायच्या, आता सह्यांसकट मॅट्रिक्सच पुढे करतो.

बोल्ट, वॉशर, पॅकिंगच्या खोक्यांना मात्र हे लावू नका. तिथे एल-वनच बरा.