५० मिमी रॅचेट बेल्ट: मोटारीला झकास, जेसीबीला नको
कराडात आमची फ्लॅटबेड, म्हणजे सपाट ट्रॉलीची गाडी आहे. बंद पडलेल्या गाड्या उचलून पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजला पोचवतो, त्यासाठी हे पॉलिएस्टरचे बेल्ट घेतले. दुकानात ‘५ टनी’ म्हणून मिळतात, पण पट्ट्यावर शिवलेली निळी चिठ्ठी वाचा: सरळ ओढीत एलसी (बांधणीची क्षमता) २५०० डेकान्यूटन, म्हणजे अडीच टनांच्या आसपास. पाचाचा आकडा गोल वेढा दिल्यावरचा.

रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची दातेरी खटकी, दणकट आहे. खरी मजा चाकावरून जाणाऱ्या पट्ट्यात. टायर ट्रॉलीला आवळला जातो, सस्पेन्शन मोकळं राहतं, त्यामुळे खंबाटकीत गाडी डुलली तरी ताण फारसा सुटत नाही. काही जण खाली अ‍ॅक्सलला हूक अडकवतात. हल्लीच्या गाड्यांखाली ब्रेकच्या नळ्या आणि प्लास्टिकची इतकी गर्दी असते की मला ते नको वाटतं. मी चारही चाकं बांधतो. ‘दोन पुरे की दादा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चहाला पाठवतो.

खटकलं ते असं, की हूकला तोंड बंद करणारा अडसर नाही. पट्टा सैल झाला तर निसटेल. पत्र्याची धार पट्टा कापते, तरी कोपऱ्याचे संरक्षक वेगळे घ्यावे लागतात. आणि कापलेल्या पट्ट्याला गाठ मारून वापरणाऱ्यांना हात जोडतो.

ट्रॅक्टर, जेसीबीला मात्र ग्रेड ८० ची (जास्त मजबूत पोलादाची) ८ मिमी साखळी आणि ती आवळणारा लोड बाइंडरच. तिची एलसी ४००० डेकान्यूटन. ती ताणली जात नाही, पण मोटारीला लावाल तर अलॉयची चाकं खरवडेल.

चार तारे. अडसरवाला हूक दिला की पाचवा.