वॉटर स्पोर्ट्सचं कॉम्बो पॅकेज: काय घ्यावं, काय सोडावं

उबदार हवेच्या कुठल्याही किनारी शहरात वाळूवर उतरलं की तोच फलक दिसतो: जेट स्की, बनाना, बंपर, पॅरासेलिंग, कयाक, स्कूबा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सगळं मिळून दोन-अडीच तासांत’. या परीक्षणाचा विषय हे पॅकेजच आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. यातल्या ज्या गोष्टींना वेळ द्यायला हवा, त्यांनाच पॅकेज सर्वात कमी वेळ देतं. यादी लांब दिसावी म्हणून बनाना, बंपर (बोटीनं ओढायचे हवेचे तराफे) आणि जेट स्कीची एक फेरी असते. खरा माल स्कूबात आणि वल्ह्याच्या खेळांत आहे, आणि तो सुटा घेतलेलाच बरा.

आधी वेळेचं बघू. उन्हानं जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारकडे समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि सकाळी काचेसारखं असलेलं पाणी बारीक लाटांनी खडबडीत होतं. स्कूबा, स्नॉर्कलिंग आणि उभं राहून वल्हवायचा बोर्ड, म्हणजे सप, या तिन्हींसाठी सकाळच हवी. बनाना आणि बंपर दुपारी केले तरी बिघडत नाही, थोडं खडबडीत पाणी त्यांना चालतं. पॅकेजवाले मात्र कोणती बोट कधी मोकळी होते यावर क्रम ठरवतात. मग दुपारी दोनला स्कूबाची पाळी येते, पाणी गढूळ झालेलं असतं आणि लंगर टाकलेल्या बोटीवर बसल्या बसल्या निम्म्या लोकांना मळमळायला लागतं. पैसे देण्याआधी ‘स्कूबा सगळ्यात पहिलं मिळेल का?’ एवढं विचारा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर पुढची टपरी बघा.

लाइफ जॅकेट

सगळ्या खेळांत हीच एक वस्तू समान, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही. आतल्या लेबलवर न्यूटनमध्ये आकडा असतो. 50 न्यूटन म्हणजे पोहता येणाऱ्यांसाठी, मदत जवळ असताना. पोहता न येणाऱ्याला 100 न्यूटनचं हवं. लेबलच नसेल, किंवा आतला फोम चपटा आणि कडक झाला असेल, तर दुसरं मागा. रोज कुणी ना कुणी त्यावर बसत असतं, त्यानं फोम दबतो आणि तरंगण्याची ताकद कमी होते. सगळे बक्कल लावून झाले की सोबतच्या माणसाला खांद्याच्या पट्ट्या धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत आलं तर पाण्यात कानापर्यंत येणार. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा, नाहीतर मूल खाली आणि जॅकेट वर.

स्कूबा

पॅकेजमधलं सर्वात मोलाचं आणि सर्वात जास्त कापलं जाणारं हेच. नवख्यांच्या ओळख-डाइव्हसाठी, म्हणजे पहिल्या बुडीसाठी, स्कूबा शिकवणाऱ्या ‘पाडी’सारख्या संस्थेची मर्यादा 12 मीटर खोलीची आहे आणि खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण. दोनच असले तर उत्तम. पॅकेजमध्ये सहसा पाच-सहा मीटरवर नेतात, त्यात वाईट काही नाही, उजेड आणि रंग तिथंच चांगले दिसतात. वाईट आहे ते मिनिटांचं गणित.

हे गणित करून बघाच. 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला (बार हे दाबाचं एकक) भरला की 2400 लिटर हवा. 50 बार, म्हणजे 600 लिटर, राखीव. उरली 1800. घाबरलेला नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 25 लिटर ओढतो असं धरू. पाच मीटरवर दाब दीडपट, म्हणजे साधारण 38 लिटर. भागाकार केला तर सुमारे 47 मिनिटं येतात. तेव्हा बाराव्या मिनिटाला ‘हवा संपली’ म्हणून वर आणलं, तर सिलिंडर अर्धा भरलेला होता किंवा पुढची बॅच थांबली होती. म्हणून उतरण्याआधी सिलिंडरचा दाब दाखवणारा मीटर स्वतः बघा, काटा 200 च्या आसपास हवा. तोंडात रेग्युलेटर धरून दोन-तीन श्वास घेताना काट्याकडे लक्ष ठेवा. प्रत्येक श्वासाला काटा खाली झुकून परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर घेऊ नका, त्यात कॉम्प्रेसरनं काय ओढलं कोण जाणे.

कान दुखणं हे नवख्यांचं सर्वात मोठं रडगाणं, आणि ते पहिल्या तीन मीटरांतच होतं. कारण सोपं आहे: पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पुढच्या 10 मीटरांत फक्त दीडपट. म्हणजे दाबातला सर्वात मोठा फरक वरच्याच थरात. नाक चिमटीत धरून बंद तोंडानं हलकेच हवा कानांकडे ढकला, दर अर्ध्या-पाऊण मीटरला, दुखायच्या आधीच. दुखायला लागल्यावर जोर लावला तर नाकातून कानाकडे जाणारी नळी आणखी घट्ट मिटते. तेव्हा मीटरभर वर या, पुन्हा करा. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कूबा नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरणंही शहाणपणाचं नाही, तिचा असर पाण्यात ओसरला तर वर येताना हवा अडकते.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा: श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, आणि ती रोखली तर दीड-दोन मीटरवरूनही इजा होऊ शकते. चांगला प्रशिक्षक कमरेएवढ्या पाण्यात तीन गोष्टी करून घेतो: रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा लावणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून बाहेर काढणं, आणि हाताच्या खुणा. यात अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’, हे आधी कळलेलं बरं. हा सराव आणि दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया विचारणारा फॉर्म, दोन्ही नसतील तर ते स्कूबा म्हणजे सिलिंडरची मान धरून पाण्याखाली फिरवून आणणं आणि फोटो काढणं. माशांना ब्रेड-बिस्किटं टाकून फोटोत गर्दी जमवणारेही असतात. मासे चावरे होतात आणि प्रवाळाचीही त्यानं वाट लागते.

डाइव्हनंतर विमानाचं: एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास, एकाहून जास्त झाल्या तर 18 तास थांबायचं. सुट्टीच्या शेवटच्या सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान, असं पॅकेज घेऊच नका.

पॅरासेलिंग

दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बोटीच्या मागच्या फळीवरून उडवतात आणि विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ओढून तिथंच उतरवतात. दुसऱ्यात वाळूवरून पळवत नेऊन उचलतात आणि वाळूवरच उतरवतात. हा दुसरा प्रकार स्वस्त दिसला तरी सोडा. वाऱ्याचा एक झोत आला की उतरणारा माणूस झाडं, खांब, गर्दी यांच्या दिशेनं जातो, आणि त्याला सावरायला खाली फक्त दोर ओढणारी दोन पोरं असतात. काही ठिकाणी एक मदतनीस हार्नेसशिवाय, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांशिवाय, नुसत्या दोऱ्या धरून सोबत लटकतो. असं दिसलं की तिथून निघा.

बोटीवरच्या प्रकारात धोका असतो तो दोर तुटण्याचा. खारं पाणी, वाळू आणि ऊन दोराला आतून खातात, आणि गाठ मारलेल्या जागी त्याची ताकद आणखी घटते. दोर तुटला की छत्री वाऱ्यासोबत जाते, म्हणून समुद्राकडून वारा असताना बोट किनाऱ्यापासून चांगली लांब हवी. पाण्यात पडलं तरी छत्री फुगलेलीच राहते आणि माणसाला फरफटत नेते. वाऱ्याची मर्यादा किती असावी याला अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा 2014 चा कायदा चांगला मापदंड आहे: सलग वारा ताशी 20 मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर, किंवा 7 मैलांच्या आत विजांचं वादळ असेल तर उड्डाण बंद. बोटीवर वारा मोजायचं यंत्र आहे का, आणि चालकाशिवाय फक्त तुमच्याकडे बघणारा दुसरा माणूस आहे का, हे दोन प्रश्न पुरेत. दोन्हींना ‘हो’ आलं तर घ्या, वरून दिसणारं पाणी खरोखर देखणं असतं. मध्येच पाय बुडवून घेण्याचा प्रकार हवा असेल तर आधीच सांगा, नको असेल तर तेही आधीच सांगा.

जेट स्की

मागे मदतनीस बसून थ्रॉटल (वेग देणारा खटका) तोच धरणार असेल तर तुम्ही चालक नाही, प्रवासी आहात. ती फेरी सुरू होते न होते तोच संपते. स्वतः चालवायला मिळणार असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जेट स्की वळते ती मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतानं. समोर काही आलं म्हणून घाबरून थ्रॉटल सोडला की बहुतेक यंत्रांत वळणंही जातं आणि ती सरळ त्याच दिशेनं घसरत राहते. टाळायचं असेल तर थोडा थ्रॉटल देऊन वळवावं लागतं. बऱ्याच धडका इथंच होतात. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी, हँडलला गुंडाळलेली नव्हे. पडलात तर इंजिन बंद असताना मागच्या बाजूनं, मधोमध चढा. आणि मागे बसणाऱ्यानं पातळ पोहण्याचे कपडे घालून बसू नये. मागे पडलं तर झोताचा दाब शरीराच्या आत गंभीर इजा करू शकतो. म्हणूनच कंपन्या जाड निओप्रीनची चड्डी घालायला सांगतात. भाड्याच्या ठिकाणी ती जवळजवळ कुठंच देत नाहीत.

बनाना आणि बंपर

मुलांसाठी ठीक. इजा होते ती पाण्यानं नव्हे, शेजाऱ्याच्या डोक्यानं आणि कोपरानं, त्यामुळे ‘शेवटी उलटवू नका’ असं चालकाला सांगता येतं, सांगावं. चष्मा काढून ठेवा. पडलेल्यांना घ्यायला बोट परत आली की इंजिन बंद झाल्याशिवाय तिच्या मागच्या टोकाकडे जायचं नाही.

कयाक आणि सप

पॅकेजात ही दोन ‘फ्री’ म्हणून टाकलेली असतात आणि लोक सोडून देतात. खरं तर तासाभरात काही शिकून घरी जायचं असेल तर इथंच. वरून बसायच्या कयाकमध्ये टाचा खाचांत, गुडघे किंचित वाकलेले, आणि वल्हं दंडांनी न ओढता कमरेतून वळून मारायचं. नुसते हात वापरले तर पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. दोघांच्या कयाकमध्ये दिशा मागचा सांभाळतो आणि पुढच्याच्या लयीत वल्हवतो. भांडणं होतात ती हे न ठरवल्यामुळे.

सपची गंमत अशी की चुका बहुतेक बोर्ड हातात देणाऱ्याच्याच असतात. हवेचा बोर्ड 12 ते 15 पीएसआय दाबाला भरलेला हवा. कमी असला तर तो मध्ये वाकतो आणि तोल तुमचाच जातो असं वाटतं. खालचा फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारा पंख, शेपटीकडे, आणि त्याचा बाक मागे वळलेला. वल्ह्याचं पातं पुढे झुकलेलं असावं. ते उलटं धरणं ही नवख्यांची हमखास चूक, कारण हात चमच्यासारखं ओढायला जातो. वल्हं उंचीपेक्षा 15 ते 20 सेंटिमीटर जास्त. आधी गुडघ्यांवर, मग बोर्डच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पावलं, आणि नजर पायांकडे न ठेवता समोर. तोल जातोय असं वाटलं की वल्हवत राहा, थांबलात की पडलात. पडायचंच तर बोर्डपासून बाजूला, पाठीवर किंवा कुशीवर सपाट.

दोन्हींमध्ये खरा शत्रू एकच: जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं, वीस मिनिटं मजेत आत जाता, आणि परत फिरल्यावर कळतं की आपण जागेवरच आहोत. म्हणून सुरुवात वाऱ्याविरुद्ध करा, परतीला तो मदत करेल. आत ओढलं गेलंच तर बोर्ड सोडू नका. त्यावर पालथं पडून हातांनी वल्हवा, तेवढ्यानं वाऱ्याला लागणारं अंग कमी होतं.

सर्फिंग सहसा पॅकेजात नसतं आणि ते योग्यच आहे. त्याला निदान दोन तासांचा धडा, आठ-नऊ फुटांचा मऊ बोर्ड आणि कमरेएवढं फेसाळ पाणी लागतं. धड्यात परतीच्या ओढीची, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात खेचणाऱ्या प्रवाहाची, ओळख करून देतात का ते विचारा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्ये शांत, गडद पट्टा दिसला तर तीच ओढ. तिच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं.

सौदा करायचाच असेल तर बंपर आणि जेट स्कीची फेरी वगळून त्याऐवजी स्कूबाची पूर्ण तीस मिनिटं, किंवा तासभर सप मागा. हंगाम नसेल तर बरेच जण तयार होतात. समुद्र खवळला तर पैसे परत की दुसऱ्या दिवशीची पाळी, हे तोंडी न ठेवता पावतीवर लिहून घ्या. ‘काही नाही होत, जाऊ या’ म्हणणाऱ्यापेक्षा सकाळी लाल बावटा बघून स्वतःहून बुकिंग रद्द करणारा चालक दुसऱ्या दिवशी शोधून काढण्यासारखा असतो.