कापूस वेचणाऱ्या हातात चौदा महिने: बारा हजारांच्या फोनचा अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये, पोळ्याच्या चार दिवस आधी, यवतमाळच्या बाजारातून हा फोन घेतला. बारा हजारांच्या थोडा आत पडला. ५००० एमएएचची बॅटरी, ६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, फाइव्ह-जी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांचे फोन जवळपास असेच मिळतात आणि माझं मॉडेल आता दुकानात येणंही बंद झालंय. मला सांगायचंय ते या फोनचा वावरात कसा निभाव लागला त्याबद्दल. घाटंजी तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे, कापूस आणि तूर. शिवाय बचत गटाचा हिशेब माझ्याकडे. दोन्ही कामं याच एका फोनवर चालतात, आणि संध्याकाळी दहावीतला मुलगा त्यावरच अभ्यास करतो.

आधीच्या फोनचं काय झालं ते आधी सांगते, कारण या फोनबरोबरच्या सगळ्या सवयी तिथून आल्या. २०२४ च्या मे महिन्यात वखरणी, म्हणजे पेरणीआधीची मशागत, सुरू होती. फोन बंडीवर ठेवला होता, पॉवर बँक लावून, भर दुपारी. दोन तासांनी उचलायला गेले तर हात भाजला. पुढच्या पंधरा दिवसांत मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं. दुकानदाराने झाकण काढून दाखवलं, आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. तो म्हणाला, "वहिनी, याले आता चार्जिंगले लावूच नका."

तेव्हा पहिल्यांदा फोनसोबत येणारं छोटं पुस्तक वाचलं. बहुतेक कंपन्या लिहितात की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. आमच्याकडे मार्च ते जून दुपारी सावलीतसुद्धा पारा ३५ च्या खाली नसतो, आणि मे महिन्यात ४४-४५ पर्यंत जातो. म्हणजे वर्षातले चार महिने फोन त्याच्या सोसण्याच्या पलीकडेच असतो. लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य उष्णता खाते. फोन तापलेला असताना चार्जिंगला लावला तर दुहेरी मार, आणि १०० टक्के भरून गरम जागी पडून राहिला तर तेही वाईट.

म्हणून नव्या फोनला पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी केल्या. सेटिंगमध्ये बॅटरीच्या रकान्यात ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय होती, ती सुरू केली. सगळ्या फोनमध्ये ती नसते, घेताना विचारून घ्या. चार्जिंग पहाटे करते, रात्रभर नाही. आमच्याकडे लाइट कधी जाईल, कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून बरेच जण झोपताना उशीखाली फोन चार्जिंगला लावतात. तसं करू नका, गादीत उष्णता कोंडते. आणि वावरात फोन सुती फडक्यात गुंडाळून शिदोरीच्या पिशवीत, निंबाच्या सावलीत ठेवते. तापलाच तर कव्हर काढून वाऱ्यावर धरते. आमच्या शेजारच्या पोराने तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवला होता, आत पाण्याचे थेंब धरले आणि स्क्रीन गेली.

चौदा महिन्यांनी आजची स्थिती अशी: सकाळी सहाला ८० टक्के घेऊन निघाले तर संध्याकाळी सातला तीसच्या आसपास उरते. नवा होता तेव्हा, पुढे सांगितलेला रेंजचा उपाय केल्यावर, चाळीस उरायची. दोन उन्हाळे नाही, एकच पाहिलाय त्याने, पण आधीच्या फोनची एका उन्हाळ्यात जी दशा झाली तिच्यापुढे हे मला पुष्कळ चांगलं वाटतं.

बॅटरीचं दुसरं गुपित रेंजमध्ये निघालं. आमच्या वावरात टॉवर फक्त वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मिळतो. खाली नाल्याकडे गेलं की फोन सारखा टॉवर शोधत राहतो, आणि रेंज कमी असली की त्याला जोर जास्त लावावा लागतो, बॅटरी तिथे संपते. पहिल्या महिन्यात दुपारी चारलाच पंधरा टक्के राहायची, मला वाटलं फोनच खराब निघाला. नंतर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये फाइव्ह-जी बंद करून फोर-जी ठेवलं, कारण फाइव्ह-जी गावात चौकापुरतंच आहे. आणि नाल्याकडच्या तासांत वेचणी असली की फोन सरळ फ्लाइट मोडवर. जेवायला धुऱ्यावर आले की सुरू करते. एवढ्यानेच फरक पडला.

आता कापसाबद्दल. मागच्या डिसेंबरात, दुसऱ्या वेचणीत, फोन चार्ज होणं बंद झालं. वायर आत बसायचीच नाही, बसली तर हलली की सुटायची. दुकानात नेला तर चार्जिंगचा पोर्ट बदलावा लागेल, सहाशे रुपये लागतील असं सांगितलं. मी फोन परत आणला. ओसरीवर उन्हाच्या तिरिपेत धरून पोर्टात पाहिलं, तर तळाशी करडं काहीतरी दाबून बसलेलं. फोन बंद केला, निंबाची बारीक काडी टोक काढून घेतली आणि कडेकडेने हळूहळू ओढत आणलं. ज्वारीच्या दाण्याएवढा गठ्ठा बाहेर आला: कापसाचे तंतू, त्यात माती आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) पाल्याचा चुरा, वायरीने दर वेळी ठासत ठासत नमदा झालेला. वेचताना ओटीत कापूस आणि कमरेला फोन, म्हणजे तो दिवसभर तंतूंतच असतो. काडी फिरवल्यावर वायर खट्कन बसली. तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत दर रविवारी हे काम ठरलेलं. सुई किंवा पिन घालू नका, आतली पितळी पट्टी वाकते. फुंकू पण नका, तोंडाची वाफ आत जाते.

बोटांचा प्रश्न याहून मोठा. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, दहा दिवसांच्या वेचणीत बोटांच्या शेंड्यांची सालटं निघतात. मग फिंगरप्रिंट ओळखत नाही. पाच वेळा चुकलं की पासवर्ड मागतो, आणि घामेजल्या, चिरलेल्या बोटांनी उन्हात पासवर्ड टाकायचा म्हणजे वैताग. उपाय मला हळूहळू सापडला. उजव्या हाताचा अंगठा दोनदा नोंदवला, एकदा वेचणीच्या आधीचा आणि एकदा वेचणीतला, चिरांसकट. आणि डाव्या हाताची करंगळी नोंदवली, कारण वेचताना तिच्यावर सगळ्यात कमी ओरखडे येतात. आता दहापैकी नऊ वेळा पहिल्या झटक्यात उघडतो.

आमच्या सासूबाईंचं बोट तर कोणतंच मशीन घेत नव्हतं. जमीन त्यांच्या नावावर, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार त्यांच्या खात्यात यायचे, आणि ई-केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, अंगठा लागायचा. दोनदा तालुक्याला नेलं, दोन्हीदा मशीनने अंगठा नाकारला. परत येताना बसमध्ये त्या आपल्या हाताकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "या बोटाइनं साठ वर्सं कापूस वेचला वं, अन् आता हेच बोट खोटं म्हणते." त्या दिवशी मला फार लागलं ते.

पीएम किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहऱ्यावरून ई-केवायसीची सोय आहे, हे मला बचत गटाच्या मीटिंगमध्ये कळलं. त्यासाठी आधारचं फेस ओळखणारं वेगळं ॲपही टाकावं लागतं. सकाळी नऊला सासूबाईंना ओसरीच्या काठावर बसवलं, तोंड उजेडाकडे, पदर कपाळावरून मागे. फोन डोळ्यांच्या उंचीवर धरला. स्क्रीनवर गोल येतो, त्यात चेहरा नीट बसवायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. दोनदा नाही झालं, कारण त्या हसत होत्या. तिसऱ्यांदा झालं. कोणाच्याही फोनवरून दुसऱ्या शेतकऱ्याचं करता येतं, म्हणून त्या आठवड्यात गल्लीतल्या अकरा म्हाताऱ्या माणसांचं आमच्याच ओसरीवर केलं. या फोनने दुसरं काहीच केलं नसतं तरी माझे पैसे वसूल होते. एक ध्यानात ठेवा: सकाळचा उजेड समोरून हवा. पाठीमागे उघडं दार असलं की चेहरा काळा येतो आणि होत नाही.

२०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नोंदणी आणि मग स्लॉट, असं झालं. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, मध्यम धाग्याचा ७७१०. मी नोंदणी घरीच केली. त्याआधी फोनमध्ये 'वावर' नावाचं एक फोल्डर केलं: सातबारा, आधार, पासबुकाचं पहिलं पान, सगळ्यांचे स्वच्छ स्कॅन. फोनच्या कॅमेऱ्याने वरून काढलेल्या तिरप्या फोटोपेक्षा गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने कागद सरळ आणि हलका येतो, चढवायला सोपा. हे फोल्डर ई-पीक पाहणीलाही (फोनवरून पिकाची नोंद करायला) कामी येतं आणि बँकेतही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात नाल्याकडची पऱ्हाटी बुडाली, तेव्हा ठिकाण आणि तारीख फोटोवर छापणाऱ्या कॅमेरा ॲपने रोजचे फोटो काढून त्याच फोल्डरात ठेवले. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाणी उतरलेलं असतं, म्हणून फोटो त्याच दिवशी काढावेत.

कापूस विकायला नेण्याआधी ओलाव्याचंही बघावं लागतं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर घेत नाहीत. त्यामुळे वाळवणीचे दिवस हवामान बघून ठरवते. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला मराठीत येतो. मला जास्त मोलाचं वाटतं ते 'दामिनी'. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने केलेलं हे ॲप आपल्या भोवतालच्या २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. जूनमध्ये टोबणीला (बी हाताने टोचून पेरायला) आम्ही आठ-दहा बाया वावरात असतो, सगळ्यांत जवळचा पक्का निवारा अर्धा किलोमीटर. ढग आले की मी फोन धुऱ्यावर नेऊन बघते. २० च्या आत ठिपके दिसले की काम थांबवून सगळ्या जणी घराकडे. निंबाखाली थांबायचं नाही, हे आता कोणाला सांगावं लागत नाही. त्याला नेट आणि लोकेशन दोन्ही लागतं, म्हणून त्या दिवसांत फ्लाइट मोड नाही.

फवारणीच्या दिवशी मात्र फोन वावरात नेतच नाही. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, आम्ही ते विसरलेलो नाही. औषधाच्या हाताने फोन धरायचा, तोच गालाला लावायचा, तोच रात्री लेकराच्या हातात द्यायचा, हे मला मान्य नाही. न्यावाच लागला तर झिपच्या प्लास्टिक पिशवीत. स्क्रीन पिशवीवरूनही चालते, आणि घरी आल्यावर पिशवी फेकता येते.

फोनचे दोष सांगायला हवेत. स्पीकर बारीक आहे, डवऱ्यावर (निंदणाच्या अवजारावर) असलेल्या माणसाला रिंग ऐकू येत नाही. रात्रीचे फोटो चिखलासारखे येतात. उन्हात स्क्रीन जेमतेम दिसते, उजेड पूर्ण वाढवला की फोन तापतो. कीबोर्डच्या माईकवर बोलून लिहिणं हा माझा रोजचा आधार आहे, गटाचा हिशेब मी बोलूनच लिहिते, पण आमच्या बोलीत ते अडखळतं. 'पऱ्हाटी' म्हटलं की 'मराठी' लिहितो. मी 'कापूस' म्हणायला शिकले.

एक वर्षात फोन मंद झाला होता, १२८ जीबीपैकी ११० भरले होते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडलं तर सत्तर जीबी तिथेच, लोकांचे सुप्रभात आणि तेच व्हिडिओ वीस ग्रुपांवरून. आपोआप डाउनलोड बंद केलं, जुनं साफ केलं, फोन पुन्हा पहिल्यासारखा चालतोय. नवा फोन घ्यायचा विचार करणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

आणि एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवणारी फाइल. आमच्या गटातल्या एका ताईंना व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची फाइल आली, शेवटी 'एपीके' लिहिलेलं. उघडली, परवानग्या दिल्या, संध्याकाळपर्यंत खात्यातून अठरा हजार गेले. तासाभरात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला म्हणून त्यातली काही रक्कम अडवली गेली. सरकारी ॲप कधी व्हॉट्सॲपवर येत नाही, ते प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. आता मीटिंगमध्ये प्रत्येकीच्या फोनचं 'अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे' मी स्वतः बंद करून देते. त्याच वेळी *#०६# दाबून आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) गटाच्या वहीत लिहून घेते. फोन बाजारात हरवला किंवा चोरीला गेला तर तक्रार करून सरकारच्या 'संचार साथी' वर तो ब्लॉक करायला हाच नंबर लागतो.

जाऊबाईंना आता फोन घ्यायचाय, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी यवतमाळला जाणार आहोत. त्यांना सांगितलंय की कॅमेऱ्याचे आकडे नंतर विचारू. आधी फोन दुकानाच्या बाहेर उन्हात धरून वाचता येतो का बघू, ८० टक्क्यांवर थांबायची सोय आहे का विचारू, आणि बोट लावून बघू. मुद्दाम आत्ताच जातोय, वेचणी सुरू आहे आणि बोटं चिरलेली आहेत तोवर.