ऑल्ट-टॅब पुरेसे आहे का? विंडोज ११ मधील विंडो बदलण्याच्या शॉर्टकटचे परीक्षण

वर्डमधला मसुदा, मूळ मजकुराची पीडीएफ, एक्सेलचा तक्ता, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप अशा पाच-सहा विंडो उघड्या ठेवून काम करणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ एका विंडोतून दुसरीत जाण्यातच जातो, आणि तरीही संगणक घेताना या सोयीची चौकशी कोणी करत नाही. प्रोसेसर, रॅम, पडद्याचा आकार यांवर तासन्‌तास खल होतो. रोज शेकडो वेळा जे करायचे ते मात्र माऊसवर सोडून दिले जाते. म्हणून हे परीक्षण फक्त विंडोज ११ मधल्या विंडो बदलण्याच्या शॉर्टकटचे आहे, आणि ते मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत टाइप करणाऱ्याच्या नजरेतून लिहिले आहे. यातले बहुतेक शॉर्टकट विंडोज १० वरही असेच चालतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: सोयी उत्तम आहेत, पण जो शॉर्टकट सर्वांना ठाऊक आहे तो यातला सर्वांत उपयोगी शॉर्टकट नव्हे.

ऑल्ट-टॅबचा स्वभाव समजून घेतला की त्याची मर्यादाही कळते. ऑल्ट दाबून ठेवून टॅब की दाबली की उघड्या विंडोंची छोटी चित्रे पडद्यावर येतात, पण त्यांचा क्रम उघडण्याचा नसून वापराचा असतो: जी विंडो सर्वांत अलीकडे वापरली ती सर्वांत पुढे. त्यामुळे टॅब एकदाच दाबून बोटे उचलली की आपण हमखास मागच्या विंडोत जातो, आणि पुन्हा तसेच केले की परत येतो. मूळ पीडीएफ पाहून वर्डमध्ये अनुवाद करणाऱ्यासाठी याहून चांगली सोय नाही. काही वेळाने डोळ्यांना चित्रे पाहावीही लागत नाहीत. मात्र मध्येच व्हॉट्सॲपवर कोणाला तरी उत्तर दिले की ही जोडी तुटते. वर्डमध्ये परतल्यावर पुढचे ऑल्ट-टॅब पीडीएफकडे न जाता व्हॉट्सॲपकडे जाते, कारण आता तीच मागची विंडो झालेली असते. विंडो चार-पाचच्या वर गेल्या की क्रम सतत बदलत राहतो, हाताला काहीच पाठ होत नाही, आणि दर वेळी थांबून चित्रे न्याहाळावी लागतात. हवी ती विंडो ओलांडून पुढे गेलो तर शिफ्टची जोड देऊन मागे येता येते, एवढाच काय तो दिलासा.

याच शॉर्टकटचे एक भावंड फारसे कोणाला माहीत नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबले तर चित्रांचा तो फलक बोटे उचलल्यावरही पडद्यावर टिकून राहतो. मग बाणांच्या बटणांनी सावकाश निवड करून एंटर दाबावे. एका हाताने काम करणाऱ्यांना, किंवा ज्यांना बटण दाबून धरणे त्रासाचे आहे त्यांना, ही खरी मदत आहे. फलक उघडा असताना निवडलेल्या विंडोवर डिलीट दाबले तर ती विंडो तिथल्या तिथे बंद होते, आणि दिवस संपताना पसारा आवरायला ते फार सोयीचे पडते.

आता माझ्या पसंतीच्या शॉर्टकटकडे येतो. विंडोज की आणि १ ते ९ पैकी एखादा अंक दाबला की टास्कबारवरचे, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीवरचे, त्या क्रमांकाचे ॲप समोर येते, आणि ० दाबल्यास दहावे. ही सोय २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून आहे. मोजताना स्टार्ट आणि सर्च धरायचे नाहीत. पिन केलेल्या, म्हणजे टास्कबारवर कायमचे लावून ठेवलेल्या, ॲपपासून डावीकडून उजवीकडे मोजायचे. ॲप बंद असेल तर ते सुरू होते, उघडे असेल तर समोर येते, आणि आधीच समोर असेल तर मिनिमाइज होते. मुख्य मुद्दा असा की पिन केलेल्या ॲपची जागा आपण हलवेपर्यंत बदलत नाही. एकदा वर्ड पहिल्या, पीडीएफ वाचक दुसऱ्या, ब्राउझर तिसऱ्या आणि एक्सेल चौथ्या जागी पिन केले की मध्ये कितीही वेळा व्हॉट्सॲप उघडा, विंडोज की आणि २ दाबल्यावर पीडीएफच येणार. ऑल्ट-टॅबमध्ये आपण यादीत शोधतो. इथे पत्ता ठरलेला असतो. एकाच ॲपच्या अनेक विंडो उघड्या असतील तर विंडोज की धरून तोच अंक पुन्हापुन्हा दाबत त्या क्रमाने पाहता येतात, आणि कंट्रोलची जोड दिली तर त्या ॲपची शेवटी वापरलेली विंडो थेट उघडते. एवढी चांगली सोय असूनही टास्कबारवर अंक कुठेच दिसत नाहीत, हा मला मायक्रोसॉफ्टचा नुसता आळस वाटतो. विंडोज की दाबून ठेवल्यावर आयकॉनवर बारीक अंक उमटले असते तर ही सोय घराघरांत पोचली असती.

मराठीत काम करणाऱ्याला मात्र विंडो बदलताना एका वेगळ्याच अडचणीला तोंड द्यावे लागते, आणि इंग्रजीतल्या परीक्षणांत तिचा उल्लेख सापडत नाही. संगणकावर इंग्रजीसोबत मराठी कीबोर्ड घातलेला असेल तर डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट मिळून टायपिंगची भाषा बदलतात. ऑल्ट-टॅबमध्ये उलटे येण्यासाठीही हीच दोन बटणे लागतात. टॅब दाबायचे राहून गेले, किंवा विचार बदलून बोटे नुसतीच उचलली, की विंडो तीच राहते आणि भाषा तेवढी बदलते. मग इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी वापरणाऱ्याने इंग्रजी मेलमध्ये ‘रिपोर्ट’ हा शब्द रोमनमध्ये टाइप करायला घेतला की पडद्यावर ‘ीाजदीू’ उमटते. यावर उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग आणि त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज उघडावे. तिथून भाषेच्या शॉर्टकटच्या चौकटीत जाऊन ऑल्ट-शिफ्टची नेमणूक काढून टाकावी. भाषा बदलण्यासाठी विंडोज की आणि स्पेसबार हा शॉर्टकट आहेच, आणि तो चुकून दाबला जाण्याची भीती कमी.

त्याच पानावर आणखी एक चौकोन आहे, आणि माझ्या मते मराठी वापरकर्त्यासाठी या परीक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी टायपिंग पद्धत ठेवू द्यावी, अशा अर्थाचा तो पर्याय आहे. विंडोज ७ पर्यंत प्रत्येक विंडो स्वतःची भाषा लक्षात ठेवत असे; विंडोज ८ पासून मूळ मांडणीत साऱ्या संगणकाची भाषा एकच झाली, आणि विंडो बदलली तरी भाषा मागचीच राहू लागली. या चौकोनात खूण केली की वर्डमध्ये मराठी आणि मेलमध्ये इंग्रजी आपोआप टिकते, विंडो कोणत्याही शॉर्टकटने बदलली तरी. अनुवादक, उपसंपादक, सरकारी पत्रव्यवहार टाइप करणारे लिपिक या सर्वांचा केवढा तरी मनस्ताप यामुळे वाचेल. हा पर्याय इतक्या खोलात पुरून ठेवण्याचे कारण मला समजलेले नाही.

विंडोज की आणि टॅब यांचा इतिहास गमतीचा आहे. विंडोज व्हिस्टात या शॉर्टकटने विंडो तिरप्या उभ्या राहून एकामागे एक सरकत. ते दिसायला देखणे होते, पण त्याने काम काही लवकर होत नसे, आणि विंडोज ८ मध्ये ते गेलेच. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून याच दोन बटणांनी टास्क व्ह्यू उघडतो, जिथे वेगवेगळे डेस्कटॉप करता येतात. कंट्रोल, विंडोज की आणि डावा किंवा उजवा बाण दाबून एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जाता येते. कार्यालयीन काम एका डेस्कटॉपवर आणि घरचे दुसऱ्यावर ठेवणाऱ्यांना हे आवडेल. मूळ मांडणीत ऑल्ट-टॅब फक्त चालू डेस्कटॉपच्या विंडो दाखवते, हे ठाऊक नसेल तर विंडो हरवल्यासारखी वाटते.

एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. २०२० सालच्या ऑक्टोबरमधल्या अद्ययावतीकरणापासून एज ब्राउझरच्या टॅब ऑल्ट-टॅबच्या फलकात स्वतंत्र विंडोसारख्या घुसू लागल्या. आधीच लांबलेली यादी त्याने आणखी लांबते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मल्टिटास्किंग इथे जाऊन ते बंद करता येते, आणि एज वापरणाऱ्याने ते पहिल्याच दिवशी बंद करावे. दुसरी अडचण नावांची. फलकात फाइलचे नाव जागेअभावी अर्ध्यात तुटते, त्यामुळे ‘ग्रामसभा इतिवृत्त अंतिम’ आणि ‘ग्रामसभा इतिवृत्त अंतिम सुधारित’ या दोन फाइली तिथे सारख्याच दिसू शकतात. वेगळेपणा दाखवणारा शब्द नावाच्या सुरुवातीला घालणे, म्हणजे ‘सुधारित’ आधी आणि ‘ग्रामसभा’ नंतर, हा त्यावरचा घरगुती उपाय. तो एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या दृष्टिहीन सहकाऱ्यांनाही उपयोगी पडतो, कारण ऑल्ट-टॅब करताना विंडोचे नाव त्यांना ऐकू येते आणि पहिल्याच शब्दाला फाइल ओळखता आली तर उरलेले ऐकत बसावे लागत नाही.

मॅककडे पाहिले तर तिथला विचार वेगळा आहे: कमांड-टॅब विंडो नव्हे तर ॲप बदलते, आणि एकाच ॲपच्या विंडोंसाठी टॅबच्या वरचे बटण कमांडसोबत दाबतात. लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवरही टॅबच्या वरच्या बटणाची अशीच सोय ऑल्टसोबत मिळते. विंडोज की आणि अंकाने हे साधत असले तरी वर्डच्या चार फाइली उघड्या असताना विंडोजमध्ये अशा एका ठरावीक बटणाची उणीव जाणवते. वर्ड आणि एक्सेलमध्ये कंट्रोल-एफ६ ने ती भरून निघते, पण तो शॉर्टकट सगळ्या ॲपमध्ये चालेल याची खात्री नसते.

घरून रिमोट डेस्कटॉपद्वारे कार्यालयाच्या संगणकावर काम करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मूळ मांडणीत दूरचा संगणक पूर्ण पडदाभर उघडला असेल तरच ऑल्ट-टॅब त्याला लागू होते. तो छोट्या विंडोत असेल तर ऑल्ट-टॅब आपल्याच संगणकावर चालते आणि पलीकडच्या विंडो बदलण्यासाठी ऑल्ट आणि पेज-अप दाबावे लागते. ज्या लॅपटॉपवर पेज-अपचे स्वतंत्र बटण नाही तिथे त्यात एफएन आणि बाण यांची भर पडते, म्हणून अशा लॅपटॉपवर पूर्ण पडदाच बरा.