उबंटू (विंडोजऐवजी वापरतात ती लिनक्स सिस्टम) चालू व्हायला सव्वादोन मिनिटं लागायची, पुण्यात तापकीर गल्लीतल्या काकांनी ४० सेकंदांवर आणलं

लॅपटॉप २०१४ चा, हार्ड डिस्क जुनीच, त्यामुळे फास्ट चालेल अशी अपेक्षा नव्हतीच, पण बटण दाबून चहा टाकून आलो तरी लोगो फिरतोच आहे म्हणजे अतीच ना. घराजवळच्या एका दुकानात दाखवला तर त्याने लिनक्स बघूनच हात झटकले, म्हणे फॉरमॅट मारून विंडोज टाका. मग यूट्यूब बघून मीच सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम (चालू होताना कोण किती वेळ खातं ते दाखवणारी कमांड) चालवलं, लिस्टमध्ये सगळ्यात वर जे दिसलं ते नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन (नेट जोडलं जाईपर्यंत थांबणारी सर्व्हिस) बंद केलं, स्नॅपच्या (उबंटूतली अ‍ॅप टाकायची सोय) दोन सर्व्हिस उडवल्या, फरक शून्य.

शेवटी मंडईला मेट्रोने उतरून चालत बुधवार पेठेत गेलो (गाडी नेऊच नका, लावायला जागा मिळत नाही). जिना चढून पहिल्या मजल्यावर छोटंसं दुकान आहे. काकांनी लॅपटॉप चालू केला आणि लोगो आल्या आल्या फक्त एस्केप दाबलं. खाली मजकूर दिसला, स्टार्ट जॉब इज रनिंग, आणि पुढे १ मिनिट ३० सेकंदांचा काउंटर! काका म्हणाले, "दुसरी डिस्क काढलीय का हो यातली?" काढली होती ना, डीव्हीडीच्या जागी बसवलेली, गेल्या वर्षीच. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) तिच्यावर होतं आणि एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल) तिची ओळ तशीच, म्हणजे मशीन रोज दीड मिनिट नसलेल्या डिस्कची वाट बघत बसायचं. मी आपला लिस्टमधल्या भलत्यांनाच धरत होतो.

त्यांनी ती ओळ पुढे हॅश (#) लावून बंद केली, २ जीबीची स्वॅप फाइल करून दिली, ग्रबचा (सुरुवातीला सिस्टम निवडायचा मेनू) टाइमआउट ५ सेकंदांचा २ केला. १५ मिनिटांत काम, ३०० रुपये घेतले. एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा फास्ट डिस्क) गळ्यात मारतील असं वाटलेलं, तर म्हणाले आधी हे वापरून बघा, मग ठरवा.

एक स्टार कापतोय कारण जाता जाता न विचारता कप्सपण (प्रिंटर चालवणारी सर्व्हिस) बंद करून टाकलं, त्याने पाव सेकंदही वाचला नसेल पण घरी बायकोचं प्रिंट निघेना आणि बोलणी मी खाल्ली. फोन केला तर काकांनी लगेच कमांड सांगितली, सुडो सिस्टमसीटीएल इनेबल, डॅश डॅश नाऊ, कप्स. प्रिंट निघालं. ४/५.