सेल्फ-रेग्युलेटिंग हीटिंग केबल: पाण्याच्या पाइपावर एक अख्खा बर्फाळ हिवाळा

केबल चांगली आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेऊ. पण पाइप वाचला त्याचं निम्मं श्रेय तिच्यावर चढवलेल्या रबरी फोमच्या आवरणाचं आणि उरलेल्यातलं बरंचसं जोत्यातल्या बुजवलेल्या फटींचं. नुसती केबल गुंडाळून मोकळे झालेल्यांचा पाइप फुटतो आणि शिव्या मात्र केबल खाते.

कामाचं स्वरूप असं: बाहेरच्या व्हॉल्व्हपासून जोत्याखालच्या पोकळीतून स्वयंपाकघरापर्यंत १२ मीटर प्लास्टिकचा पाइप, बाहेरचा व्यास २५ मिमी. केबल मीटरला १० वॉटची. दोन व्हॉल्व्हना जादा वेढे धरून १३.५ मीटर लागली. पहिल्या दंवापासून बर्फ वितळेपर्यंत साडेचार महिने ती चालू होती.

सेल्फ-रेग्युलेटिंग म्हणजे काय, ते विकणारेही नीट सांगत नाहीत. आत तांब्याच्या दोन तारा समांतर धावतात आणि त्यांच्यामध्ये कार्बन मिसळलेलं प्लास्टिक असतं. थंडीत ते आकसतं, कार्बनचे कण एकमेकांना भिडतात, जास्त वीज वाहते आणि उष्णता वाढते. गरम झालं की उलट. हे जागच्या जागी घडतं, म्हणून भिंतीजवळचा तुकडा जास्त तापतो आणि घराच्या आतला कमी. याच रचनेमुळे केबल हव्या त्या लांबीला कापता येते आणि व्हॉल्व्हवर स्वतःवरून फिरवली तरी जळत नाही. स्थिर वॉटची स्वस्त केबल असा एकावर एक वेढा सहन करत नाही, तिथेच वितळते.

मात्र 'सेल्फ-रेग्युलेटिंग' म्हणजे आपोआप बंद होणारी नव्हे. उबदार दिवशीही ती थोडी वीज खातच राहते. थर्मोस्टॅट वेगळा लावावाच लागतो: ३ अंशांच्या आसपास चालू आणि १० अंशांच्या आसपास बंद होणारा पुरतो. थर्मोस्टॅट नसेल आणि केबल पूर्ण क्षमतेने चालली, तर १३५ वॉट, म्हणजे दिवसाला सव्वातीन युनिट. साडेचार महिन्यांचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

आता रबराचं गणित. पाइप ५ अंशांवर टिकवायचा आणि बाहेर उणे २० असेल, तर १९ मिमी जाडीच्या नायट्राइल रबर फोममधून मीटरला साधारण ६ वॉट निसटतात. तोच फोम ९ मिमीचा असेल तर १० वॉटच्या थोडं वर. म्हणजे पातळ फोमखाली १० वॉटची केबल जेमतेम तग धरते, राखीव काहीच उरत नाही. आणि उघडा पाइप वाऱ्यात असेल तर मीटरला ५०-६० वॉट सहज जातात. तिथे ही केबल म्हणजे वादळात समई. जाड फोम घेताना हात आखडू नये.

उलट बाजूही आहे. नुसता फोम पाण्याला गोठण्यापासून वाचवत नाही, फक्त उशीर करतो. या १२ मीटरमध्ये, आतला व्यास २० मिमी धरून, पावणेचार लिटर पाणी मावतं. उणे २० मध्ये केबल बंद पडली, तर १९ मिमी फोम असूनही स्थिर पाणी वीस-पंचवीस मिनिटांत शून्यावर येतं आणि सहा-सात तासांत पूर्ण गोठतं. वीज गेली की हातात किती वेळ आहे, ते यावरून ठरवायचं.

बसवताना सर्वांत जास्त चुका फोमच्या मापात होतात. पाइप २५ मिमीचा म्हणून २५ मिमी भोकाची नळी आणतात आणि केबल घातल्यावर चीर मिटतच नाही. पाइप अधिक केबल, असा हिशेब करून ३५ मिमी भोकाची घ्यावी. आडव्या पाइपावर केबल खालच्या अर्ध्या भागात, घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी, सरळ रेषेत. दर ३० सेंटिमीटरवर फायबरग्लास टेप. प्लास्टिक पाइप असेल तर केबलवरून लांबीच्या दिशेने अॅल्युमिनियमची चिकटपट्टी पूर्ण ओढावी, कारण प्लास्टिक उष्णता पसरवत नाही. काळी इलेक्ट्रिकल टेप थंडीत सुटते आणि लोखंडी तार आवरण कापते, म्हणून दोन्ही टाळावीत. फोमची चीर खाली ठेवून गोंदाने बंद करावी. कोपऱ्यावर फोम वाकवला तर बाहेरच्या बाजूला ताणून पातळ होतो. तिथे ४५ अंशांत कापून जोडावा.

केबलच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या नाहीत! साध्या हीटरची सवय असलेले हीच चूक करतात आणि थेट शॉर्टसर्किट होतं. टोक किटमधल्या हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या) टोपीने पूर्ण बंद करायचं. पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यायचा, आणि केबलच्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीला अर्थिंग हवंच. फोम चढवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तारा व जाळी यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, मोजावं. २० मेगाओहमपेक्षा कमी भरलं तर फोम उतरवून शोध घ्यावा.

हिवाळाभरात त्रास दिला तो दोन गोष्टींनी. आरसीसीबी अधूनमधून पडत होता. कारण निघालं टोकाची टोपी. हीट-श्रिंक घाईत तापवलेली, कडेने गोंद बाहेर आलेला नव्हता, त्यामुळे ओल आत शिरत होती. टोपी बदलली आणि पडणं थांबलं. आरसीसीबी पडतो म्हणून तो वगळून थेट जोडणं हा उपाय नव्हे, ती आग लागण्याची तयारी आहे. दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटच्या सेन्सरची. तो भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला बसवला होता. घर उबदार, सेन्सर खूश, आणि केबल बंद असताना पाइप मात्र बाहेर गारठलेला. सेन्सर पाइपाच्या सर्वांत थंड जागी, केबलच्या विरुद्ध बाजूला, फोमखाली हवा.

केबल भिंतीच्या भोकापाशी संपवण्याचा मोहही टाळावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण पाइप बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि पाइप दुसरीकडेच, कधी उबदार खोलीतही, फुटतो. त्यामुळे मध्ये वीतभर जागा सुटली तरी बाकीची १२ मीटर केबल फुकट. नळाची बारीक धार सोडली की पाइप वाचतो, तोही मुख्यतः हा दाब मोकळा झाल्यामुळे.

फटींचं काम केबलच्या आधी करावं. पाइप भिंतीतून आत येतो तिथे बोटभर फट असते आणि वारा नेमका तिथूनच पाइपावर येतो. वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती धरून फिरलं की सगळ्या फटी दिसतात. लहान फटीला पॉलियुरेथेन फोम. उंदरांचा संशय असेल तर आधी स्टेनलेस स्टीलची लोकर कोंबावी, नाहीतर त्याच भोकातून आत येऊन ते रबर कुरतडतात. मात्र लाकूड, गॅस किंवा रॉकेलवर चालणाऱ्या शेगडीला लागणारी हवा ज्या झरोक्यातून येते तो बुजवायचा नाही, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे.

ही केबल विजेवर जगते, आणि हिमवादळात वीजच आधी जाते. उणे १० च्या खाली दोन तासांपेक्षा जास्त वेळ वीज येणार नाही असं दिसलं तर पाणी उतरवावं. आधी गीझरचा स्विच बंद, कारण रिकाम्या टाकीत एलिमेंट जळतं. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, सर्वांत वरचा नळ उघडायचा म्हणजे हवा आत येईल, आणि शेवटी सर्वांत खालची निचरा तोटी. फ्लशची टाकी रिकामी करावी आणि सिंकखालच्या वाकड्या नळीत प्रॉपिलिन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ ओतावं. गाडीतलं एथिलिन ग्लायकॉल विषारी असतं, ते घरात नको. वीज परतली की गारठलेली केबल सुरुवातीला नेहमीच्या कितीतरी जास्त करंट ओढते. त्याच क्षणी एमसीबी पडत असेल तर दोष केबलचा नसून बी प्रकारच्या, म्हणजे करंटच्या छोट्या उसळीलाही पडणाऱ्या, एमसीबीचा असू शकतो. सी प्रकारचा लावावा.

उरलेली केबल छपराच्या कडेला टाकू नये. पाइपाची केबल ऊन आणि घसरणारा बर्फ यांसाठी बनवलेली नसते. तसंही कडेला बर्फाचा बांध तयार होतो तो छतातून निसटणाऱ्या उष्णतेमुळे, तेव्हा तिथे छतावरचं इन्सुलेशन आधी.

वापराच्या वर्षांबरोबर आतल्या प्लास्टिकची ताकद कमी होत जाते, म्हणून पहिल्या वर्षी कडाक्याच्या थंडीत केबल किती करंट घेते ते क्लॅम्प मीटरने मोजून फोमवरच्या लेबलावर लिहून ठेवलं आहे. त्याच लेबलावर 'आत वीजवाहक केबल' असंही ठळक लिहिलंय, कारण उन्हाळ्यात प्लंबर येतो आणि करवत आधी चालवतो, विचारतो नंतर.